खोकला कापायचा नाही

आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत एकदा मगर शिरली होती. खोटं नाही सांगत. शिरली ती भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातून, नद्यांच्या धड्यातून, आणि तिला आत घेणारा मीच होतो. पानभर नुसते उगम आणि मुखं. ऐकणाऱ्या पोरांनी असं काय पाप केलं होतं? म्हणून मी एका नदीच्या काठावर एक म्हातारी मगर बसवली, तिला दातदुखी दिली आणि पुढच्या परिच्छेदात दात काढणारा बगळा आणला. काचवालीला त्या दुपारी डुलकी लागली होती, त्यामुळे मगर सुखरूप टेपवर गेली.

तिचं सुख एक दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी खालून निरोप आला: थापाडेकाकांना सांगा, मगर परत नदीत सोडा.

आता हे वर-खाली काय ते सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा नेहमीसारखा मध्येच सुरू झाला. आमची इमारत दोन मजल्यांची. खालच्या मजल्यावर डोळ्यांनी अंध असलेली माणसं वेताच्या खुर्च्या विणतात. हौदात भिजत घातलेला वेत, त्याचा ओला वास, आणि दिवसभर सुतळी ओढल्यासारखा सर्र सर्र आवाज. वरच्या मजल्यावर त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. वाचणारे आम्ही, पेन्शनीतले रिकामटेकडे. काचेच्या पेटीत बसून वाचायचं. काचेपलीकडे एक बाई छापील प्रतीवर बोट ठेवून ऐकत बसते, तीच काचवाली. शब्द चुकला की ती पेन्सिलीने काचेवर टकटक करते आणि मागे जाऊन पुन्हा वाचायला लावते. खोकला, शिंक, पोटातली गुडगुड, खुर्चीची कुरकुर, सगळं कापलं जातं. ऐकणाऱ्याला पुस्तक ऐकू यायला पाहिजे, म्हातारा नाही, असं तिचं म्हणणं.

एवढ्यावर भागत नाही. रेकॉर्डिंग झालं की दुसऱ्या दिवशी ते खाली जातं, 'काना'कडे. कान म्हणजे वेतकाम करणाऱ्यांतली एक बाई. ती हेडफोन लावून विणता विणता सगळं ऐकते, आणि ती 'जाऊ दे' म्हणाली तरच पुस्तक कपाटात जातं. मगर पकडली ती हिनेच. आम्ही तिला वेतबाई म्हणतो.

मी तिला विचारलं होतं, "बाई, छापील पान तर तुझ्यासमोर नव्हतं. मग मगर माझी आहे हे कशावरून?"

"छापलेलं वाचताना माणूस विरामाला श्वास घेतो," ती म्हणाली. हात चालूच. "तुम्ही थाप मारायच्या आधी छाती भरून घेता. पोहायला उतरल्यासारखी."

तेव्हापासून मी तिला जरा वचकून असायचो. बायको गेल्यापासून मला कोणी इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

वेतबाईच्या घरचं सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं, किंवा तसं वाटत होतं. नवरा लवकर गेला. मोठा मुलगा, धाकटी मुलगी. मुलाने मालवाहू बोटीवर नोकरी धरली तेव्हा ही आडवी आली. म्हणाली, "पाण्यावर गेलास तर माझ्याशी बोलू नकोस." तोही आईवरच गेलेला. गेला, आणि बोलला नाही. सुट्टीवर यायचा, आपल्या खुर्चीत बसायचा, जेवायचा, घासाघासाला खोकायचा (ती त्याची लहानपणापासूनची खोड, भरभर खायचा), झोपायचा आणि निघून जायचा. आईशी चकार शब्द नाही. आईचाही नाही. "तो आधी बोलू दे," असं ही म्हणायची. खुर्ची मात्र तिने स्वतःच्या हाताने विणून दिलेली. असा तो अबोला. कोण आधी तोंड उघडतो यावर खाली थट्टा चालायची, मग थट्टाही जुनी झाली. हल्ली तो दूरच्या बोटीवर असतो, येत नाही, एवढंच ऐकू यायचं.

मुलगी एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला. एकोणीस वर्षांची. आणि एके दिवशी बातमी आली की हिने पुस्तक लिहिलंय आणि ते छापूनही आलंय. भुताची कादंबरी. काळं कव्हर, त्यावर एक रिकामी खुर्ची. नाव, 'तो जेवायला आहे'.

खाली कौतुकाचा पूर आला. वेतबाईने त्याच दिवशी मागणी नोंदवली; सभासदाला हवं ते पुस्तक मागायचा हक्क असतो. वर एक अट घातली: थापाडेकाकांनीच वाचायचं.

"मीच का गं?" मी फुशारून विचारलं.

"भुताचं आहे म्हणतात. भुतांची तुम्हाला सवय."

पुस्तक मी आधी घरी नेऊन वाचलं. दुपारच्या लख्ख उन्हात, खिडकीपाशी बसून. पहिलंच वाक्य असं: 'माझ्या घरात तीन माणसं जेवतात, त्यातली दोन जिवंत आहेत. कोणती दोन ते मला अजून ठरवायचं आहे.' माझ्या डोक्यावर उरलेसुरले जे चार केस होते ते उभे राहिले, आणि ऊन असून मी खिडकी लावून घेतली.

सांगणारी पंधरा वर्षांची पोर. डोकं ठिकाणावर नाही, आणि ते तिला माहीत आहे. आईला दिसत नाही. एका संध्याकाळी दारात तोंड नसलेला माणूस येतो. नाक आहे, डोळे आहेत, खाली सपाट कातडी. तो एक पिशवी पुढे करतो. पिशवीत भावाचे बूट. पोर मनात म्हणते, जो माणूस परत येतो तो बूट घालून येतो. हातात धरून कोणी आणून देत नाही. मग ती तोंड नसलेल्या माणसाला सांगते, 'सांगते मी आईला.' आणि सांगत नाही.

त्याऐवजी ती बूट दाराशी ठेवते. तीन ताटं घेते. भावाच्या खुर्चीत बसते आणि त्याच्यासारखी खोकते. भाऊ मुळातच आईशी बोलत नव्हता, त्यामुळे बोलायचा प्रश्नच येत नाही. खुर्ची हलक्या अंगाखाली वेगळी वाजते हे लक्षात येताच ती खिशात दगड भरते. दोन ताटांतलं जेवते आणि मोरीत जाऊन ओकते. मग हळूहळू बूट पायातून निघेनासे होतात. ती चुलीपाशी उभी असते आणि मागे खुर्ची वाजते. शेवटच्या प्रकरणात आई पोरीला हाक मारते, पुन्हा मारते, आणि उत्तर म्हणून फक्त खोकला येतो.

मी पुस्तक मिटलं आणि स्वतःशी म्हटलं, पोरगी आपल्यापेक्षा मोठी थापाडी निघणार. मला हेवाच वाटला. मग आठवलं की वेतबाईलाही दिसत नाही, तिलाही एक बोलत नसलेला मुलगा आहे. लिहिणारे घरातूनच सामान उचलतात, दुसरीकडून कुठून आणणार? म्हणून मी ते तिथेच सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी जिन्याच्या वळणावर बसून केळं खात होतो, तर ती पोरगी वर आली. बारीक चणीची, कापलेले केस, आणि पायांत हे एवढाले बूट. प्रत्येक पायरीवर टाच आधी निघायची आणि बूट मागून यायचा.

"आजोबा, तुम्ही खोटं बोलता ना?"

"कोण म्हणतं?"

"सगळे."

"सगळ्यांचं काय खरं धरतेस."

ती हसली नाही. माझ्या शेजारी पायरीवर बसली. "मला एक खोटं पाहिजे," ती म्हणाली. "पिशवी, बूट, दगड, सगळं काढून वाचा. भाऊ मरत नाही असं वाचा. नुसतं भूत राहू दे. भुताला आई घाबरत नाही."

"अगं, छापलेलं बदलता येत नाही इथे. आणि एवढी छान गोष्ट..."

"गोष्ट नाही ती."

केळं माझ्या हातात तसंच राहिलं.

"पुस्तक आईपर्यंत जाईल असं वाटलंच नाही मला," ती म्हणाली. "छापलेलं होतं ना. घरात मला काही लपवायचं असलं की मी कागदावर लिहिते आणि टेबलावर उघडं ठेवते. कुणाला सापडत नाही."

"म्हणजे तुझा भाऊ..."

"बोट बुडाली. चार वर्षं होतील."

"आणि आईला?"

"आईला वाटतं तो रागावलाय. आधी मी त्याला सुट्टीवर आणत राहिले. पुस्तकात आहे तसंच. मग नाही जमलं, तेव्हा दूरच्या बोटीवर गेला म्हणून सांगितलं. निरोप मीच आणते. बरा आहे, जाड झालाय." ती आपल्या बुटांकडे बघत होती. "तो आधी बोलेल म्हणून थांबलीय ती. तुम्ही वाचलंत तर संपलं."

असं म्हणून ती खोकली. कोरडा, घाईघाईचा खोकला. इतक्या बारीक अंगातून इतका जाड आवाज यावा हे मला कसंसंच वाटलं. तिने तोंडावर हात घेतला. "हल्ली आपोआप येतो," ती म्हणाली. "मी खोकत नाही."

आयुष्यभर मी फुकट थापा मारल्या. कोणी मागून घेतलेली ही पहिलीच. मी हो म्हटलं.

काचवालीला सांगावंच लागलं. तिने ऐकलं, नाकावरचा चष्मा पुसला, पेन्सिल ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर लावून घेतला. एवढंच.

मग मी वाचायला बसलो. तोंड नसलेल्या माणसाला मी तोंड दिलं. एकदा दिल्यावर तो थांबेना. दारोदार घड्याळं विकणारा केला त्याला, आणि पिशवीत बुटांच्या जागी टिकटिकणारी घड्याळं भरली. दगडांच्या जागी खिशात लिमलेटच्या गोळ्या आल्या. भाऊ खुर्चीतून उठून बोटीवर गेला, आणि त्या बोटीला वाटेत एक देवमासा लागला, तो इतका म्हातारा की त्याच्या पाठीवर झाडं उगवलेली. त्या झाडांच्या सावलीत भाऊ दुपारचा झोपायचा. काचेपलीकडे काचवाली चष्मा काढून बसली होती. खरं सांगतो, माझ्या हयातीतली ती सगळ्यात देखणी थाप. आणि छाती भरून श्वास एकदाही घेतला नाही. नाकाने, बारीक बारीक, चोरून.

दुसऱ्या दिवशी खालून निरोप आला नाही. वेतबाईच आली. ती कधी वर येत नसे. कठड्यावर हात घासत आली, पेटीचं दार चाचपून उघडलं आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. बोटं वेताने भिजलेली होती.

"श्वास नाही घेतलात, काका."

"बघ," मी म्हटलं. "म्हणजे सगळं छापील."

"अख्ख्या प्रकरणात नाही घेतलात. मला वाटलं गेलात की काय."

मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"माहितीय, तुमच्याकडेच वाचायला का दिलं मी?" ती म्हणाली. "बाकीचे सरळ वाचतात. त्यांनी काही गाळलं तर मला कळणार नाही. तुमचं कळतं. पोरगी भेटली ना तुम्हाला?"

"बाई, कशाला आता. भुताटकीचं आहे, तुला रात्री झोप लागायची नाही."

"छापलंय ते वाचा."

मी काचेकडे बघितलं. काचवालीने मान खाली घातली होती. मी पुस्तक उघडलं आणि दारातल्या माणसापासून वाचायला लागलो. त्याला नाक होतं, डोळे होते, खाली सपाट कातडी. त्याने पिशवी पुढे केली. तो बोलला नाही, कारण बोलायला त्याच्याकडे काही नव्हतं.

"थांबा," वेतबाई म्हणाली. तिने उघड्या पानावर हात ठेवला. मग, "म्हणजे त्याने शब्द पाळला."

"कोणी?"

"बोटीवरच्या माणसाने. तो आधी इथे आला होता काका. खाली, फाटकापाशी. मला सगळं सांगितलं त्याने. पिशवी द्यायला लागला. मी म्हटलं, माझ्या हातात काठी आहे, घरी नेऊन दे, पण घरात पोर एकटी आहे. तिला काही बोलू नकोस. मी येऊन सांगते तिला. एक शब्द बोलू नकोस." तिने ओली बोटं पदराला पुसली. "मला वाटायचं बोलला असेल. चार वर्षं मी त्याला शिव्या घालतेय."

मी पुस्तक गुडघ्यावर टेकवलं.

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून..."

"वाटभर ठरवत गेले, पोरीला कसं सांगायचं. आधी जेवू घालायचं, मग सांगायचं. जिना चढले. दाराशी त्याचे बूट पायाला लागले. आणि आतून तो खोकला." तिने हात कानाशी नेला. "काका, मला वाटलं, तो माणूस चुकला. दुसऱ्या कुणाच्या घरी जायचा तो माझ्याकडे आला. मला त्या दुसऱ्या घरच्या बाईची दया आली. खरंच आली. म्हटलं, बिचारीला अजून माहीतही नसेल. एवढा वेळ टिकलं ते."

खालून सर्र सर्र आवाज येत होता.

"मग खुर्ची वाजली. ती मी विणलीय. तो बसला की ती आधी दबायची, मग वाजायची. पोरीखाली नुसती कुरकुरते. मी दारात उभी होते, हातात काठी. आत माझी पोर भावाच्या खुर्चीत बसून खोकतेय. मी काय करायचं होतं, तुम्ही सांगा."

"दगड?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं.

"दगड नंतर आले. दगडांनी वजन येतं. पण ते एकमेकांवर आपटतात. माझा मुलगा काही आपटायचा नाही."

"मग बोलली का नाहीस गं?"

"पोरीने एवढे कष्ट करून त्याला माझ्यासाठी घरी आणला. मी हाकलू त्याला?" आणि खालच्या आवाजात, "मलाही हवा होता. अबोला धरलेलं माणूस मेलं तरी तसंच राहतं, काका. काही बदलत नाही. ताट वाढायचं, खोकला ऐकायचा. मी तोंड उघडलं असतं तर उत्तर आलं नसतं. म्हणून नाही उघडलं. त्याला शेवटचं काय बोलले ते सगळ्या कारखान्याला माहीत आहे."

मी पुस्तक मिटायला गेलो.

"मिटू नका. शेवट वाचा."

शेवट मी वाचला. आई हाक मारते. पुन्हा हाक मारते. पोरीचे पाय बुटांत, पोरीचे हात खुर्चीच्या हातांवर, आणि तोंडातून जे येतं ते तिचं नाही. 'आईला वाटलं दोन मुलं जिवंत आहेत,' पुस्तकात शेवटी आहे, 'म्हणून तिने एकालाही शोधलं नाही.'

वेतबाई बसून राहिली. इतका वेळ ती माझ्याशी बोलताना चेहरा सरळ ठेवून होती. आता तो एका बाजूला कलला, कुठून तरी लांबचं काही ऐकत असल्यासारखा.

"घरात अजून ते बूट वाजतात," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्यासाठी घालते. झोपेत खोकते ती, त्याचा खोकला. मी गप्प राहिले की तिला आधार होईल असं धरून चालले होते." तिने स्टुलाची कड घट्ट धरली. "मुलगा माझ्या तोंडाने गेला. ही माझ्या गप्प बसण्याने चाललीय."

मी म्हटलं, "घरी जा आणि सांग तिला, मला माहीत आहे म्हणून."

"किती वेळा गेले सांगायला. तोंडच उघडत नाही. अबोला त्याच्याशी होता, हिच्याशीही लागला. पोळलेल्या जिभेला शब्द लागत नाहीत." मग ती उठली. "शेवट तिलाच वाचू दे. इथे, पेटीत. मी काचेपलीकडे बसेन. कानाला वरही बसता येतं की."

पोरीला मी थाप मारली. म्हटलं, शेवट काही मला जुळवता येत नाहीये, देवमासा कुठे नेऊन सोडावा कळत नाही. लेखिकेने स्वतः वाचावं आणि हवा तसा फिरवावा. तिला ते पटलं. दुसऱ्याच दुपारी दुकानातून सुट्टी काढून आली. काचेपलीकडे आईला हेडफोन लावून बसलेली बघून दारातच थबकली.

"कान आज वरच ऐकणार," मी म्हटलं. "गुडघे दुखतात म्हणे बाईचे." वर येणाऱ्याचे गुडघे दुखतात तर तो वर कसा आला, हे तिला सुचलं नाही. मलाही नंतर सुचलं.

ती आत बसली. बूट स्टुलाखाली ओढून घेतले. मी काचवालीच्या मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. लाल दिवा लागला.

पोरीने बदल करून आणले होते. पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं मला काचेतून दिसत होतं. पहिलं वाक्य तिने बदललेलं वाचलं. दुसरं अर्धं. मग तिचं बोट छापील ओळीवर गेलं आणि ती छापलेलं वाचायला लागली. काचवाली आणि मी एकमेकांकडे बघितलं. पोरीला थाप मारता येईना. चार वर्षं एकच थाप रोज मारून माणूस थकतंच. मी तर रोज नवी मारतो, म्हणून टिकलो.

ती वाचत होती. ताटं तीन. दाराशी बूट. खुर्ची वाजली. तो जेवायला बसला. आणि तो...

पुढचा शब्द वाचायच्या आधीच तिला खोकला आला. तोच. कोरडा, घाईचा, भरभर खाणाऱ्या माणसाचा.

काचवालीचा हात सवयीने बटणाकडे गेला. खोकला आला की थांबवायचं, मागे जायचं, कापायचं. वेतबाईचा ओला हात तिच्या हातावर पडला.

"कापायचा नाही," ती म्हणाली.

मग तिने टेबलावर चाचपलं. पेटीत बोलायचं बटण कुठलं ते तिला माहीत नव्हतं; काचवालीने तिचं बोट धरून त्यावर ठेवलं. तिने दाबलं. आणि आत, पोरीच्या डोक्यावरच्या लहानशा स्पीकरमधून, आईचा आवाज आला.

"सावकाश जेव रे. बोटीला वेळ आहे अजून."

पोरीने पुस्तक खाली ठेवलं नाही. तशीच धरून बसली. चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग ती हळूच मागे वळून बघायला लागली, आपल्या खांद्यामागे, जणू आईने ज्याला म्हटलं तो तिथे उभा असावा. तिथे फक्त आवाज शोषणारी भोकाभोकांची भिंत होती. ती त्या भिंतीकडेच बघत राहिली.

वेतबाईने बोट काढलं नव्हतं. तिचा श्वास आत ऐकू जात असणार.

"गेला का?" तिने विचारलं.

पोरीचे ओठ हलले. आवाज आला तेव्हा तो बारीक होता, आणि तिचाच होता. "गेला, आई."

"बोलला काही?"

इथे, सांगतो, मी असतो तर देवमासा आणला असता. झाडं आणली असती. मी छाती भरून श्वास घेतलाही होता. पण पोरगी म्हणाली, "नाही."

"बरं," वेतबाई म्हणाली. तिच्या गालावरून पाणी हेडफोनच्या वायरवर उतरत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "मग तू ते बूट काढ आता. पाय दुखतात तुझे. मला ऐकू येतं."

लाल दिवा चालूच होता. पोरगी स्टुलावरून उतरून खाली बसली. आम्हाला ती दिसेनाशी झाली, नुसती रिकामी स्टुलाची बैठक आणि वर टांगलेला माईक. मग एक बूट ठेवल्याचा आवाज आला. आणि बऱ्याच वेळाने दुसरा.

ती खुर्ची वेतबाईने नंतर कारखान्यात आणली आणि तिचा वेत उसवला. नवा भिजत घातला होता, पण हौदात तो राहून राहून काळा पडला. चौकट अजून खालच्या खुंटीला टांगलेली आहे. बाकी कुणाचीही खुर्ची सांगा, दोन दिवसांत विणून देते. पोरगी हल्ली कधी कधी संध्याकाळी आईला न्यायला येते, साध्या चपलांत. दोघी जिन्याशी थांबून माझी एखादी थाप ऐकतात. हसतात, पण उशिरा.

पुस्तक कपाटात आहे; देवमाशाचा भाग मी छापील प्रतीवरून पुन्हा वाचून दिला, शेवट मात्र जसा रेकॉर्ड झाला तसाच. काचवालीने त्यातलं काही कापलं नाही. तिच्या नोकरीत हा एकच गुन्हा. ऐकणारे सभासद फोन करून मला विचारतात, काका, ते शेवटी खोकल्यानंतर एक बाई बोलते, ते छापील पुस्तकात कुठल्या पानावर आहे? मी त्यांना सगळं सांगतो. फाटक, पिशवी, बूट, बटण. एक शब्द वाढवत नाही.

ते शेवटपर्यंत ऐकून घेतात. मग ते म्हणतात, "काय काका, पुन्हा मगर?"